चौथ्या दिवशीचा सांजा

सांज्यात तूप घालू नये. लोक घालतात. वर काजू टोचतात, वाटीत दाबून बशीत उपडा करतात, बाजूला लिंबाची फोड ठेवतात आणि त्याला उपमा म्हणतात. घालोत बापडे. मीही घालत होते. माझ्या वहीत तो प्रकार सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता आणि मथळ्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ होती. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकले होते, त्यामुळे जे वहीत नाही ते स्वयंपाकात मोडत नाही असं माझं पक्कं मत होतं. तशी माझी पुष्कळच पक्की मतं होती तेव्हा.

परवा नातीचा फोन आला. तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलंय. "आजी, मन लागत नसलं की खावंसं वाटेल असं काही सांग, पण दुधातुपाचं नको." मी तिला सांजा सांगितला. जाड रवा, फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल, हिरवी मिरची, शेंगदाणे, गोडनिंबाची म्हणजे कढीपत्त्याची पानं, मीठ, पाणी. बस. ती एकदम खूश. "हा तर पूर्ण व्हीगन आहे! तुला कोणी शिकवला गं?"

"कोणी नाही. चोरून पाहिला."

ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं. थट्टा मी करतेच, आयुष्यभर केली, पण हे तसं नव्हतं.

तो सांजा माझ्या सासूबाईंचा. साठचं दशक संपता संपता मी लग्न होऊन प्रतापनगरात आले. तेव्हा तिथं चार घरं, मग रिकामे प्लॉट, मग पुन्हा दोन घरं, असा कारभार होता. आमच्या घरी दर रविवारी सासऱ्यांसाठी साजूक तुपातला शिरा व्हायचा. त्यासाठी सासूबाई रवा चाळायच्या. बारीक खाली पडे, तो शिऱ्याचा. चाळणीत जाडं उरे, ते त्यांचं. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी मागच्या अंगणात गेली, की त्या शेगडीवर एक छोटी लोखंडी कढई ठेवायच्या. आधी रवा कोरडाच भाजून काढायचा. मग तेल, मोहरी तडतडली की मिरच्या, आणि मिरच्यांचा असा ठसका उठायचा की ओसरीवर वामकुक्षी घेणारे सासरे झोपेतच खोकायचे. शेंगदाणे, गोडनिंब, उकळतं पाणी, रवा, झाकण. आणि मग त्या मुद्दाम तो खाली थोडा लागू द्यायच्या. ताट नाही, बशी नाही. पाटावर बसून, कढई पुढ्यात घेऊन, उलथण्यानं खरवड काढत खायच्या. तेवढा वेळ त्या कोणाच्या कोणी नसायच्या.

मला लाज वाटायची. कढईत खातात! एकदा मी मोठ्या शहाणपणानं ताटली पुढे केली. "आई, यात घ्या ना."

"ताटलीत घेतलं का मंग ते साऱ्यांचं होते," त्या म्हणाल्या आणि खरवड काढत राहिल्या.

मला वाटलं, अडाणी आहेत. त्या 'मले' म्हणत, मी 'मला' म्हणत असे. एवढ्या भांडवलावर मी त्यांना अडाणी ठरवलं होतं.

दोनतीन वर्षांनी, वैशाखात, सासरे गेले. सकाळी पेपर वाचता वाचता मान कलली, इतकंच. संध्याकाळच्या बसनं काटोलहून आत्याबाई आल्या. सासऱ्यांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा झालेल्या, आणि जगातल्या सगळ्या रीती त्यांच्या तळहातावर. आल्या आल्या त्यांनी मिसळणाचा डबा, तो मोहरी-हळदीचा गोल डबा, उचलून माळ्यावर ठेवून दिला. सुतकात फोडणी नाही. तळण नाही, गोड नाही. पहिले तीन दिवस आमची चूलही पेटणार नव्हती. समोरच्या घरातल्या बाई दोन वेळा डबा आणून देत. बिनफोडणीचं वरण, भात, उकडलेला भोपळा.

आत्याबाई मला फार आवडत. कारण सरळ होतं. मी त्यांना आवडत असे. "शिकलेली असून रीत पायते," असं त्या चारचौघींत म्हणत, आणि मी पदर सारखा करत असे. त्या चार शब्दांसाठी मी काहीही केलं असतं. केलंच.

सासूबाई आतल्या खोलीत चटईवर बसून असत. रडल्या पहिल्या दिवशी, नंतर नाही. जेवणाच्या वेळी दोन घास भात चिवडत आणि ताट सरकवून देत. चौथ्या दिवशी आमच्या घरची चूल पेटली, तरी समोरच्या बाई सासूबाईंसाठी संध्याकाळी डबा आणतच राहिल्या. त्या दुपारी मी त्यांना पाणी द्यायला आत गेले, तर त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"सूनबाई, इकडं ये वं. बस."

मी बसले.

"मले थोडकसा सांजा करून दे."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"फोडणीचा. मिरची घालून. काहीच गिळत नाही वं मले. तेवढा खाईन मी. दार लोटून घेजो अन् करजो. कढई पाटाखाली हाये."

आजवर त्यांनी कोणाला काही मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या देणाऱ्या. मागताना त्यांचा आवाजही वेगळा झाला होता, पोरीसारखा. आणि माझ्या डोक्यात काय आलं? ऐका. माझ्या डोक्यात आलं, ही माझी परीक्षा आहे.

दार लोटून घ्यायचं होतं. मिसळणाचा डबा काढायला स्टूल लागलं असतं. वास गेला असता समोरच्या खोलीत, तर "दूध उतू गेलं" म्हणून सांगता आलं असतं, "मांजर शिरली" म्हणून सांगता आलं असतं. खोटं बोलण्यात मी आजही कोणाला हार जाणार नाही. पण नाही. मी उठले आणि थेट समोरच्या खोलीत गेले. तिथं बसायला आलेल्या सातआठ बाया होत्या, मधे आत्याबाई.

"आत्याबाई, आई फोडणीचा सांजा मागताहेत. चालेल का?"

'फोडणीचा' म्हणताना मी आवाज खाली आणला. कोणाला लाजेचं काही सांगताना आणतात तसा. त्यामुळे तो शब्द सगळ्यांना नीट ऐकू गेला.

"माय वं!" कोणीतरी म्हणालं.

आत्याबाईंनी मान वळवली आणि आतल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "वहिनी! माहा भाऊ जाऊन चार रोज नाही झाले, अन् तुले मिरचीची याद येऊन राहिली?"



"मोठं दुख झालं म्हणा मंग," एक जण म्हणाली, आणि दुसरी पदरात हसली. ते हसू मला अजून ओळखता येईल. समोरच्या बाई, डबा आणणाऱ्या, उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, शेगडीवर काही ठेवून आल्या असतील.

"बिनफोडणीचा दे करून," आत्याबाई मला म्हणाल्या. "नुसता मिठाचा. बरं झालं तू इचारलं पोरी. शिकलेली असून रीत पायते."

मिळालं मला. आणि मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते. आतल्या खोलीत एक बाई बसलेली होती, आणि इकडे उभ्या उभ्या माझी छाती फुगली.

रवा मी भाजलाही नाही, भाजल्याचा वास सुटला तर? पाण्यात मीठ टाकलं, रवा टाकला, घोटला. गोळे झाले. ते पांढरं प्रकरण मी ताटलीत वाढलं, ताटलीतच, आणि सगळ्या बायांच्या समोरून आत नेलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, राग मला समजला असता. अनोळखी माणूस दारात आलं की आपण पाहतो तसं पाहिलं. मग त्यांनी ते सगळं खाल्लं. एकेक गोळा. एक कण ठेवला नाही. ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "झालं."

त्यानंतर त्यांनी मला कधी काही मागितलं नाही.

तुम्हाला वाटेल, म्हातारी वाढवून सांगतेय. नाही. वरणात मीठ नसलं तर त्या तसंच जेवत. पाणी स्वतः उठून घेत. एकदा ताप भरला होता, दात वाजत होते, तरी पायाशी असलेलं पांघरूण "दे" म्हणाल्या नाहीत. मी घातलं तर "राहू दे" म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं होतं. भांडण मला येत होतं. त्यात मी पहिल्या नंबरानं पास झाले असते. पण त्या नीट वागत. सणाला मला साडी घेत. माझी बाळंतपणं काढली, डिंकाचे लाडू केले, लेकरं वाढवली. फक्त मागणं बंद.

तेराव्यानंतर मिसळणाचा डबा खाली आला, तेव्हा मी पहिला फोडणीचा सांजा केला आणि कढईच त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. "आई, घ्या."

"पोराले दे," त्या म्हणाल्या. पोर तेव्हा आठ महिन्यांचं होतं.

त्यांनी स्वतःसाठी करणंही सोडलं. रवा चाळला की चाळणीतलं जाडंही शिऱ्यातच जाऊ लागलं. कढई पाटाखाली पडून राहिली.

मी हार मानणाऱ्यातली नव्हते. मूर्ख होते, पण चिवट. एकदा सांजा केला, कढईवर झाकण घातलं, "सीताबर्डीवर जाऊन येते, उशीर होईल" असं ओरडून सांगितलं आणि खरंच गेले. परत आले तर कढई रिकामी, घासून पालथी घातलेली. मी मोरीत उभी राहून हसले. जिंकले! पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच केलं, पण या वेळी सीताबर्डीला न जाता मागच्या प्लॉटातून वळून कुंपणाआड उभी राहिले. सासूबाई कढई घेऊन बाहेर आल्या आणि सगळा सांजा गल्लीतल्या गाईपुढे ओतला. गाईनं दोन घास घेतले आणि मिरची लागून जोरजोरात मान झटकली. मग सासूबाईंनी शांतपणे राखेनं कढई घासली. भर उन्हात कुंपणाला टेकून उभी असलेली ती बी. ए. पहिलं वर्ष बाई मला आज दिसते, आणि तिची कीव करावी की तिला एक ठेवून द्यावी, मला ठरवता येत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे.

एका दुपारी मी समोरच्या बाईंची पुरणयंत्राची जाळी परत करायला गेले. पुढचं दार बंद होतं, म्हणून बाजूनं मागे गेले. मागच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या. पुढ्यात कढई, हातात उलथणं. समोरच्या बाई जवळच तांदूळ निवडत बसलेल्या.

"खाली लागला नं आज, ताई? मस्त लागला," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी मुद्दाम लावला जी. आमच्या घरात कोणी खात नाही लागलेलं."

आणि सासूबाई हसल्या. सासरे गेल्यानंतर त्या हसतात हे मला माहीतच नव्हतं. तोंडात घास असताना, मान मागे टाकून हसल्या.

मी जाळी घेऊन तशीच मागे फिरले. मग मला कळलं की दर गुरुवारी दुपारी त्या "जरा फिरून येते" म्हणत तेव्हा रस्ता ओलांडून समोर जात. किती वर्षं? कदाचित त्या चौथ्या दिवसापासूनच. समोरच्या बाई चपला घालून का उठल्या होत्या, हे मला इतक्या उशिरा उमगलं. त्या संध्याकाळच्या डब्यात वरणाखाली काय होतं, मी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटला राग. रात्रीच्या जेवणाची वाट न पाहता मी ह्यांना ऑफिसातून आल्या आल्या धरलं. "तुमच्या आई लोकांच्या घरी जाऊन खातात. आपली काय शोभा राहिली?"

ह्यांनी बूट काढता काढता विचारलं, "खाते नं?"

"हो!"

"मंग?"

एवढं बोलून ते हातपाय धुवायला गेले. चौथ्या दिवसाची गोष्ट त्यांना कोणी सांगितली होती की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारण्याइतकी मी मलाच आवडत नव्हते.

ऐंशीनंतर समोरच्यांनी मनीषनगरात घर बांधलं आणि ते तिकडे गेले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा सासूबाई फाटकात उभ्या होत्या. समोरच्या बाई त्यांच्या पाया पडल्या.  गुरुवारी दुपारी सासूबाई नेहमीसारखं "जरा फिरून येते" म्हणाल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पुढच्या गुरुवारी गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या उतरत गेल्या. आधी गुडघे, मग कान, मग हळूहळू माणसं सुटू लागली. मुलाला कधी भाऊ म्हणत, नातवाला कधी मुलगा. मला मात्र कायम ओळखत. डोळे माझ्याकडे वळले की त्यांत तेच दारातल्या अनोळखी माणसाकडे पाहणं यायचं, म्हणजे ओळख होतीच.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. खिडकीतल्या उन्हाकडे माझी पाठ होती, चेहरा अंधारात असेल. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, आल्या काय वं?"

मी दाराकडे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"किती रोजानं आल्या. बसा."

मी बसले. त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं.

"मले थोडकसा सांजा करून देता काय? फोडणीचा. मिरची घालून."

पंधरा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होते. ते आलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

"देते," मी म्हणाले. आणि मग, कशी कोण जाणे, समोरच्या बाईंच्या सुरात म्हणाले, "देतो नं जी करून."

त्या जवळ सरकल्या, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण माह्या सुनेले नका सांगू. ते साऱ्या बायांत जाऊन इचारते."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

मी कढई काढली. गॅस आला होता तोवर, पण कढई तीच. दार लोटून घेतलं. मोहरी, मिरची, ठसका. मी खोकले, आतून त्याही खोकल्या. मुद्दाम खाली लागू दिला. पाटावर बसणं आता त्यांना जमत नव्हतं, म्हणून पलंगावरच मांडीवर जुनी सतरंजी टाकून त्यावर कढई ठेवली आणि हातात उलथणं दिलं. खरवड त्यांनी स्वतःच काढली. मी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला. अर्धी कढई खाल्ली.

"तुमच्या हातचा पहिल्यासारखा नाही लागला," त्या म्हणाल्या. "पण चालते."

मग एकदम घाबरल्या. "वास गेला असंन. सून येईल आता. खिडकी खोला नं."

मी खिडकी उघडली. त्या "आणखी, आणखी" म्हणत राहिल्या, म्हणून पदरानं वारा घालत घालत मी फोडणीचा वास खोलीतून बाहेर काढला. मी यायच्या आत जायला हवा होता तो.

दुसऱ्या दिवशी मी हुरूपानं पुन्हा केला आणि कढई घेऊन उजेडात त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं. तेच पाहणं.

"पोराले दे," त्या म्हणाल्या. पोर तेव्हा कॉलेजात होतं.

त्या दुपारनंतर त्यांनी आणखी दोनदा मला ताई म्हणून सांजा मागितला. दोन्ही वेळा मी खिडकीला पाठ करून, चेहरा अंधारात राहील अशी बसले होते. योगायोगानं नव्हे.

त्या गेल्या तेव्हा आत्याबाई नव्हत्या, आधीच गेल्या होत्या. मिसळणाचा डबा मीच माळ्यावर ठेवला. काय करणार, आता रीत पाहणारी मीच उरले होते. चौथ्या दिवशी समोरच्या बाई मनीषनगराहून आल्या. केस पिकले होते. हातात डबा. समोरच्या खोलीत बाया बसल्या होत्या, त्यांच्यात न बसता त्या सरळ आत आल्या, सासूबाईंच्या रिकाम्या पलंगाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या,

"शेवटी काही खावाले मांगतलं काय वं त्यांनी तुले?"

सांगता आलं असतं. तीन वेळा, कढईत, खालून लावलेला, असं सांगता आलं असतं. त्यांच्या तोंडावरचा तो मला जोखणारा भाव एका वाक्यात पुसता आला असता. पण मी शपथ घेतली होती, सुनेला सांगणार नाही म्हणून. आणि सुनेला कळलं की ती बायांत सांगते, हे सासूबाईंना चांगलं माहीत होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच मागितलं नाही."

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला.